अक्कलदाढ काढताना आणि काढल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुख व जबड्याची सर्जन. पाटीवर ते लांबलचक लिहिलंय, पण इथे गोव्यात, फोंड्याला मला 'दाढेची डॉक्टर' म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. आठवड्यातला निम्मा वेळ माझा अक्कलदाढांतच जातो. लोक खुर्चीवर बसण्याआधी, तोंडात कापसाचा बोळा असताना हातवारे करून, आणि रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर जे विचारतात, ते इथे आहे. क्रम लोक विचारतात तोच ठेवलाय.

दुखेल का?

"दोतोर, दुखतलें?" पेडण्याचा असो की काणकोणचा, पहिला प्रश्न हाच. काढताना दुखत नाही. इंजेक्शनची टोच लागते आणि औषध आत जाताना थोडं चुरचुरतं. मग पाच-सात मिनिटांत खालचा अर्धा ओठ जाड झाल्यासारखा वाटतो. ओठ बधिर झाल्याशिवाय मी हत्याराला हात लावत नाही. इंजेक्शनमध्ये लिग्नोकेनबरोबर थोडं अ‍ॅड्रेनॅलिन असतं, त्यामुळे काहींना दोन-तीन मिनिटं छातीत धडधडतं. ते आपोआप थांबतं.

भूल दिल्यावर दाब मात्र जाणवतो. दाब आणि दुखणं यांतला फरक मी आधीच हात दाबून दाखवते, कारण घाबरलेल्या माणसाला दोन्ही सारखंच वाटतं. आणि एक आवाज येतो. दाढेचे तुकडे करताना 'कट्' असा, थेट कानाच्या आत. आवाज हाडातून जातो म्हणून तो तुम्हाला आमच्यापेक्षा मोठा ऐकू येतो. जबडा मोडला असं वाटून एका काकांनी माझा हातच धरला होता. तेव्हापासून मी आधी सांगते: "आता कट् होईल, ती तुमची दाढ, जबडा नव्हे."

हिरडी सुजून पू झाला असेल तर भूल नीट लागत नाही. म्हणूनच गाल सुजवून आलेल्या माणसाला आम्ही आधी साफ करून, औषध देऊन चार दिवसांनी बोलावतो. "पैसे देतो म्हटलं तरी काढत नाहीत" अशी तक्रार तेव्हा हमखास ऐकू येते.

मला काही त्रास नाही. तरी काढायची का?

बहुतेक वेळा नाही. दाढ सरळ आलेली असेल, ब्रश पोचत असेल, वरची खालची एकमेकींवर नीट बसत असतील तर ती राहू द्या. ब्रिटनमध्ये २००० सालीच सरकारी आरोग्यसेवेने ठरवलं की त्रास न देणारी अक्कलदाढ उगाच काढू नये. प्रत्येक बाबतीत मी त्यांच्याइतकी कडक नाही, पण मुद्दा मला पटतो.

काढावी लागते ती पुढच्या कारणांनी. दाढ तिरकी येऊन पुढच्या दाढेला टेकलेली असते, त्या खाचेत अन्न अडकतं आणि पुढची चांगली दाढ मागून किडते. हे नुकसान सगळ्यात वाईट, कारण ती पुढची दाढ आयुष्यभर चावायची असते आणि कीड दिसते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. दुसरं कारण, अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीची टोपी राहते, तिच्याखाली घाण साचते आणि दर दोन-तीन महिन्यांनी ती सुजते. एकदा सूज आली तर साफ करून बघू, पण दुसऱ्या-तिसऱ्यांदा आली की मी काढायलाच सांगते. गळू वा गाठ दिसली तर प्रश्नच नाही.

दात वाकडे होऊ नयेत म्हणून अक्कलदाढ काढा, असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. पुढचे दात वयानुसार थोडे दाटतातच, अक्कलदाढ असो वा नसो.

ती येते कधी? सगळ्यांना येते का?

साधारण १७ ते २५ या वयात. काहींना चारही येतात, काहींना दोनच, आणि काहींना मुळातच नसतात. अकलेशी संबंध नाही. माझ्या घरात ज्याला एकही नाही तो सगळ्यांत शहाणा आहे.

सर्जन अनुभवी आहे हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न लोक तोंडावर विचारत नाहीत, बाहेर सिस्टरला विचारतात. तोंडावर विचारा. राग येणाऱ्या डॉक्टरकडून दाढ काढून न घेतलेलीच बरी.

आधी पदवीचं. बीडीएस म्हणजे इंटर्नशिप धरून पाच वर्षं, आणि त्यानंतर तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेत एमडीएस म्हणजे आणखी तीन. सरळ आलेली, मुळं सुटी असलेली दाढ चांगला बीडीएस डॉक्टर उत्तम काढतो. त्यासाठी माझ्याकडे यायची गरज नाही. हाडात रुतलेली, आडवी, ओठाच्या नसेला टेकलेली असेल तर एमडीएस सर्जन बघा. दोघांचीही नोंदणी गोवा राज्य दंत परिषदेकडे हवी, ती विचारण्यात अपमान कसला?

पण पदवी आणि वर्षं यांवरून सगळं कळत नाही. मी शिकत होते तेव्हाची गोष्ट सांगते. एका कॉलेजच्या मुलीची खालची दाढ मी काढत होते. दाढ आली, पण मुळाचं टोक आत तुटलं. तांदळाच्या कणीएवढं, जेमतेम दोन मिलिमीटर, आणि अगदी नसेजवळ. मला वाटलं, अर्धवट काम ठेवलं तर लोक काय म्हणतील. मी त्या टोकामागे तासभर लागले. हाड उकरलं, घाम गाळला, टोक काढलं आणि विजयी मुद्रेने ताटलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा गाल लिंबाएवढा आणि ओठ बधिर. तो ओठ पूर्ण जागा व्हायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत ती दर पंधरवड्याला यायची, मी सुईच्या टोकाने ओठ तपासायचे आणि तिच्या आईच्या नजरेला नजर द्यायचं टाळायचे. आमच्या सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ते टोक कुणाला चावणार होतं?"

नसेला लागून असलेलं, पू नसलेलं, बारीक टोक आत राहू द्यावं, रोग्याला तसं सांगावं, कागदावर लिहावं आणि एक्सरे काढून लक्ष ठेवावं, ही मान्य रीत आहे. ते मला पुस्तकातून माहीत होतं. हाताला माहीत व्हायला ती मुलगी लागली.

म्हणून सर्जनला "किती वर्षं झाली?" याबरोबर आणखी दोन-चार गोष्टी विचारा. माझ्या दाढेची मुळं नसेपासून किती लांब आहेत, ते मला एक्सरेवर बोटाने दाखवाल का? मूळ तुटलं तर काय कराल? "आमच्याकडे तुटत नाही" असं उत्तर आलं तर उठा, प्रत्येकाकडे तुटतं. काढणार कोण, तुम्ही की तुमचे सहायक? आणि शेवटचं, मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटणारं: तिसऱ्या दिवशी रात्री दुखलं तर फोन कोण उचलणार? दाढेची दुखणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी उमटतात, आणि तेव्हा फोन बंद असेल तर भिंतीवरच्या सर्टिफिकिटांचा उपयोग नाही.

तुम्ही बाई डॉक्टर. दाढ काढायला ताकद लागते ना?

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा येतोच, बहुधा रोग्याच्या सासऱ्याकडून. ताकद लावून काढली तर जबडाच मोडेल. रुतलेली दाढ ओढून निघत नाही. हिरडी थोडी बाजूला सारायची, दाढेवरचं हाड पाण्याच्या धारेखाली थोडं कोरायचं, दाढेचे दोन-तीन तुकडे करायचे आणि एकेक तुकडा ज्या वाटेने सुटतो त्या वाटेने काढायचा. फणसाचे गरे काढतो तसंच. अख्खा फणस कुणी ओढून रिकामा करत नाही. हत्यार हातात धरायला दोन बोटं लागतात, बाकी सगळं लागतं ते एक्सरे नीट वाचायला.

एक्सरे कुठला? स्कॅन पण काढायला सांगितलं, ते गरजेचं आहे की उगाच?

ओपीजी हवाच. यंत्र डोक्याभोवती पंधरा-वीस सेकंद फिरतं आणि दोन्ही जबडे एका फोटोत येतात. त्यात खालच्या दाढेच्या मुळाशी एक नळी दिसते, तिच्यातून ओठाची नस जाते. मूळ त्या नळीवर आल्यासारखं दिसलं, नळीची पांढरी कड तिथे पुसली गेली असेल किंवा मूळ तिथे काळसर दिसत असेल, तर मी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्सरे) सांगते, म्हणजे नस मुळाच्या कुठल्या बाजूला आहे ते कळतं. बाकीच्यांना स्कॅन लागत नाही. वरच्या अक्कलदाढेला तर क्वचितच.

नस मुळांत अगदी गुंतलेलीच असेल तर कधी कधी दाढेचा वरचा भाग तेवढा काढून मुळं मुद्दाम आत ठेवतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण योग्य रोग्यात ती चांगली शस्त्रक्रिया आहे.

बांबोळीला जाऊ की खाजगीत?

दोन्हीकडे चांगले हात आहेत. बांबोळीचं सरकारी गोवा दंत महाविद्यालय १९८० पासून आहे आणि तिथे रोज जितक्या दाढा निघतात तितक्या खाजगीत बघायलाही मिळत नाहीत. शिकाऊ डॉक्टर काढत असले तरी मागे वरिष्ठ उभे असतात. वेळ लागतो, सकाळी लवकर जाऊन बसावं लागतं, एक्सरेचा दिवस वेगळा आणि काढायचा वेगळा. खाजगीत वेळ वाचतो, पैसे जातात.

हृदयाची झडप बदललेली आहे, डायलिसिस चालू आहे, रक्त गोठण्याचा आजार आहे, अशांना मी स्वतः बांबोळीला पाठवते. शेजारीच गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ आहे, गरज पडली तर वॉर्ड हाकेच्या अंतरावर.

शुगर आहे, बीपी आहे, रक्त पातळ करायची गोळी आहे. काढता येईल?

बहुतेकांची येते. शुगर असलेल्यांनी सकाळची वेळ घ्यावी, नाश्ता करून आणि रोजची गोळी घेऊन यावं. उपाशीपोटी येऊन खुर्चीत घाम फुटलेले रोगी मी पुष्कळ पाहिलेत. तोंडापुरती भूल असेल तर उपास लागत नाही.

अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. रक्त थोडं जास्त वेळ येईल, ते आम्ही टाक्याने आणि दाबून थांबवतो. गोळी बंद केल्याने स्टेंट बंद पडला तर ते मला टाक्याने थांबवता येणार नाही. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिट्रोमवाल्यांनी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा ताजा आयएनआर रिपोर्ट आणावा.

आणि एक गोष्ट लोक सांगायलाच विसरतात: हाडं ठिसूळ झाल्याबद्दल घेतलेलं वर्षातून एकदाचं इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी. "ते गुडघ्याचं आहे, दाढेचा काय संबंध?" संबंध आहे. त्या औषधांनी जबड्याचं हाड भरून यायला अडचण होऊ शकते. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर तेही एक्सरेआधी सांगा.

चारही एकदम काढू का?

तरुण, धडधाकट माणसाच्या चारही एकदम काढता येतात, कधी कधी पूर्ण भूल देऊन. मला स्वतःला एका बाजूची वरची-खालची एकदम काढणं आवडतं. दुसरी बाजू चावायला मोकळी राहते. तोंडापुरत्या भुलीत एक अवघड दाढ अर्ध्या-पाऊण तासाची, सोपी दहा मिनिटांची.

बरं व्हायला किती दिवस लागतात?

कामावर तीन-चार दिवसांत जाता येतं, हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटते, आतलं हाड भरायला तीन ते सहा महिने जातात. पण लोकांना खरं हवं असतं ते एकेका दिवसाचं.

पहिला दिवस. कापसाचा बोळा पाऊण ते एक तास चावून धरा. मध्ये काढून बघायचं नाही. बघितलंत की रक्त पुन्हा सुरू. थुंकू नका, लाळ गिळा. लाळेत थोडं रक्त मिसळलं की बेसिन लाल दिसतं आणि घरच्यांचा धीर सुटतो, पण त्यात बहुतेक लाळच असते. भूल ३ ते ५ तासांत उतरते. उतरायच्या आधी दुखण्याची पहिली गोळी घ्या. दुखायला लागल्यावर घेतली तर ती दुखण्यामागे धावत राहते. भूल असेपर्यंत गरम चहा नको आणि ओठ चावू नका. लहान वयाच्या मुलांनी बधिर ओठ चघळून फोड केलेले पाहिलेत. बर्फ फडक्यात गुंडाळून बाहेरून दहा मिनिटं लावा, दहा मिनिटं काढा. घरचा बर्फ हं. एक गृहस्थ मासळी बाजारातून पिशवीभर घेऊन आले होते आणि दवाखानाभर बांगड्याचा वास.

घरी जाताना कुणालातरी सोबत घ्या. स्कूटर चालवता येत नाही असं नाही, पण हेल्मेटचा पट्टा नेमका सुजलेल्या गालावर येतो.

दुसरा दिवस. चोवीस तास झाले की कोमट मिठाच्या पाण्याने हळू गुळण्या, खरं तर पाणी तोंडात घेऊन नुसती मान हलवायची आणि पडू द्यायचं. बाकीचे दात घासा. जखमेच्या भीतीने ब्रशच बंद करणाऱ्यांची जखम हमखास चिघळते.

तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते. आरशात बघून लोक घाबरतात की काहीतरी बिघडलंय. ४८ ते ७२ तासांत सूज कळसाला जाते आणि मग उतरते. तोंड दोन बोटं उघडणंही कठीण वाटतं, गिळताना टोचतं, गालावर पिवळट-निळा डाग उतरतो. गोऱ्या कातडीवर तो जास्त दिसतो आणि सूनबाई असेल तर शेजारी भलतंच बोलतात. एका सासूबाईंनी माझ्याकडून तसं लिहूनच नेलं होतं. आता बर्फ बंद, कोमट शेक चालू.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज आदल्या दिवसापेक्षा बरं वाटलं पाहिजे. मला हा एकच नियम लक्षात ठेवलेला पुरतो. बरं होत होत अचानक उलट फिरलं, तर फोन करा.

सातव्या दिवशी टाके. काळा रेशमी दोरा असेल तर काढायला या, विरघळणारा असेल तर तो आपोआप जातो. काढताना चिमटा काढल्याइतकंच लागतं.

गोळ्या कुठल्या घ्यायच्या?

डॉक्टरांनी लिहिलेल्या. एवढं मात्र सांगते की कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. तिच्यावर ताप वाटला म्हणून क्रोसिन, मग अंग दुखतं म्हणून डोलो, असं केलंत तर पॅरासिटामॉल तिनदा होतं. दमा, पोटात अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आयबुप्रोफेनबद्दल आधी विचारा. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागत नाही. मागच्या वेळचं उरलेलं तर कुणालाच लागत नाही.

ड्राय सॉकेट म्हणजे काय? मला होईल का?

दाढ निघाल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. ती हाडावरचं पांघरूण. ती निघून गेली किंवा विरघळली की हाड उघडं पडतं. मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान, बरं वाटू लागलेलं असतानाच, ठणका सुरू होतो. तो कानापर्यंत जातो, गोळीला दाद देत नाही, तोंडाला घाण वास येतो. ताप किंवा पू बहुधा नसतो. साध्या दातांत शंभरात दोन ते पाच जणांना होतं, खालच्या रुतलेल्या अक्कलदाढेत याहून बरंच जास्त. सिगरेट ओढणारे, कुटुंबनियोजनाच्या गोळ्या घेणाऱ्या बायका, आणि आधीपासून हिरडी सुजलेली माणसं यांना धोका अधिक.

गुठळी जाते ती बहुतेकदा ओढण्याने. सिगरेट ओढणं, स्ट्रॉने शहाळं ओढणं, जोरात चूळ भरून पचकन थुंकणं. डिचोलीकडच्या एका तरुणाला मी सगळं समजावलं, त्याने मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशी जत्रेला गेला. चौथ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधी तो पायरीवर बसलेला, गालाला हात, शर्टाच्या खिशात अजून खाज्यांची पुडी. खड्ड्यात आल्याचे आणि गुळाचे कण होते. धुतलं, लवंगतेलाचं औषध असलेली पट्टी ठेवली, आणि दहा मिनिटांत त्याचा चेहरा बदलला. ड्राय सॉकेटचं एवढं बरं आहे: भयंकर दुखतं पण धोका फारसा नसतो, आणि पट्टी ठेवली की माणूस लगेच शांत होतो. पट्टी दोन-तीनदा बदलावी लागते, आठ-दहा दिवसांत भरून येतं.

घरी स्वतः लवंग कुटून किंवा अ‍ॅस्पिरिनची गोळी खड्ड्यात भरू नका. हिरडी भाजते आणि मग दोन जखमा.

काय खायचं? मासे कधी?

गोव्यात दाढेची तारीख माशावरून ठरते. श्रावणात माझ्याकडे गर्दी वाढते, कारण "नाही तरी मासे बंदच आहेत". चवथीच्या आदल्या आठवड्यात कुणी फिरकत नाही.

पहिल्या दिवशी उकड्या तांदळाची पेज, पण कोमट आणि सुरुवातीला नुसती वरची. गार दही, आईस्क्रीम (कोनात नको, वाटीत). दुसऱ्या दिवसापासून नाचणीचं तिजण, शेवयांची खीर, मऊ वरणभात, अंडं. पाव दुधात बुडवून चालेल, पण पोळी, म्हणजे आपला कोंड्याचा पाव, आठवडाभर राहू द्या. तो कोंडा खड्ड्यात जाऊन बसतो. इसवणाचा (सुरमईचा) काटे नसलेला तुकडा चौथ्या-पाचव्या दिवशी, बिनतिखट. बांगडा आणि पेडवे टाके निघाल्यावरच. हुमणाचं, म्हणजे माशाच्या आमटीचं, तिखट आणि सोलांचा आंबटपणा उघड्या जखमेला चुरचुरतो, म्हणून सोलकढी पहिले तीन दिवस नको. मलाही वाईट वाटतं.

फेणीची गुळणी केली तर जंतू मरतील ना?

जंतूंआधी गुठळी जाईल. शिवाय मेट्रोनिडॅझोलची गोळी दिलेली असेल तर दारूने उलट्या, धडधड, चेहरा लाल होणं असे त्रास होऊ शकतात. गोळी संपल्यावरही दोन-तीन दिवस थांबा. तपकीर, तंबाखू, सिगरेट किमान तीन दिवस बंद, आठवडा पाळलात तर उत्तम.

ओठ अजून बधिर आहे.

दुसऱ्या दिवशीही बधिर असेल तर नसेला धक्का बसलाय. बहुतेकांची नस काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जागी होते. आधी मुंग्या, मग खाज, मग स्पर्श, या क्रमाने. मुंग्या आल्या की आनंद माना. जिभेची बाजू बधिर होऊ शकते, चवही जाऊ शकते. कायमचं राहण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे, पण ज्याच्या वाट्याला येतं त्याला ते पूर्ण शंभर असतं, म्हणून सही घेताना मी हे वाक्य भरभर वाचत नाही. लवकर कळवा. वाट बघत सहा महिने काढल्यावर आलात तर हातात पर्याय कमी राहतात.

अक्कलदाढ काढली की नजर कमी होते?

नाही. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. दाढ काढायचं वय आणि चष्मा लागायचं वय कधी कधी जवळ येतं, एवढंच.

जहाजावर जायचंय. सही झालीय, तारीख पुढच्या आठवड्यात.

आपल्या तारवटींना, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांना, दाढ नेहमी शेवटच्या क्षणी आठवते. शक्य असेल तर महिनाभर आधी काढा, निदान दोन आठवडे तरी मधे ठेवा. भर समुद्रात चौथ्या दिवशी ड्राय सॉकेट झालं तर पट्टी कोण बदलणार? आणि वरची दाढ असेल तर आणखी काळजी. वरच्या मुळांच्या डोक्यावर वरच्या जबड्याच्या हाडातली सायनसची पोकळी असते. दाढ निघताना मधला पडदा फाटला तर पाणी पिताना नाकातून येतं. सर्जनने तसं सांगितलं असेल तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून, आणि विमानाचं त्यांना विचारून.

मी सनई वाजवतो. भजनाला कधी बसू?

वरच्याच कारणाने, सनई आणि बासरीवाल्यांनी दोन आठवडे थांबा. गाल फुगवून मारलेली फुंक जखमेवरच जाते. भजनात गायला पाच-सहा दिवसांनी हरकत नाही, टाळ तर दुसऱ्या दिवशीच धरा. नाटकवाल्यांनी सूज उतरेपर्यंत खलनायकाचं काम घ्यावं. फुटबॉल दोन आठवडे नको.

लगेच फोन कधी करायचा?

अर्धा तास नीट दाबून धरूनही रक्त वाहतच राहिलं. तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढतेय. थंडी वाजून ताप. खड्ड्यातून पू. अंगावर पित्त उठणं.

आणि सूज हनुवटीखाली, गळ्याकडे उतरतेय, जीभ वर उचलल्यासारखी वाटते, लाळ गिळवत नाही, आवाज बदललाय किंवा श्वासाला त्रास होतोय, तर मला फोन करत बसू नका. १०८ बोलवा आणि थेट गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

दाढ घरी न्यायला मिळते का?

मिळते. धुऊन, छोट्या डबीत घालून देते. तुकडे करून काढलेली असेल तर लोक जरा हिरमुसतात. बीडीएसच्या पहिल्या वर्षाची मुलं अभ्यासासाठी अख्ख्या दाढा शोधत दवाखाने पालथे घालतात; कुणाची हरकत नसेल तर त्यांच्यासाठी बरणीत ठेवते.

माझी स्वतःची डावीकडची मी जपून ठेवलीय, टेबलाच्या वरच्या खणात. आमच्या त्याच सरांनी काढली, ते निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी. तीन तुकडे आहेत, जोडले तर दाढ पूर्ण होते, मागच्या मुळाचं टोक तेवढं सोडून. तुटल्यावर सरांनी एकदा आत बघितलं, एकदा एक्सरेकडे बघितलं आणि सिस्टरकडे दोरा मागितला. ते टोक अजून माझ्याकडेच आहे. दरवर्षी एक्सरे काढून बघते; जागेवर आहे.